फ्रान्सिस स्कॉट की : वकील, मिलिशियातील अधिकारी आणि एका राष्ट्रगीताचे कवी



आमच्या शाळेत रोज परिपाठात एक विद्यार्थी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवतो. मार्च २०२४ मध्ये सातवीच्या एका मुलाने अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला मोठा पूल कोसळल्याची बातमी वाचली. २६ मार्चच्या पहाटे 'डाली' नावाचं मालवाहू जहाज पुलाच्या खांबाला धडकलं, पूल पाण्यात गेला आणि पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मरण पावले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, म्हणून आपल्याकडेही ही बातमी बरीच चालली. पुलाचं नाव होतं 'फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज'.

वाचून झाल्यावर त्या मुलाने विचारलं, "बाई, की म्हणजे किल्ली ना? पुलाला किल्लीचं नाव कशाला?"

सगळे हसले. मी सांगितलं की ते एका माणसाचं आडनाव आहे, उद्या त्याची गोष्ट सांगते. ती गोष्ट मी सांगितली खरी, पण पहिल्यांदा अर्धीच सांगितली. राहिलेली अर्धी का राहिली आणि नंतर कशी सांगितली, तेही या लेखात लिहिते आहे. ('की' हे आडनाव आणि आपला 'की' हा शब्द यांचा वाचताना गोंधळ होतो, म्हणून लेखात त्यांना फ्रान्सिस असंच म्हणते.)

बालपण आणि शिक्षण

फ्रान्सिस यांचा जन्म १ ऑगस्ट १७७९ रोजी मेरीलँड राज्यात झाला. तेव्हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालूच होतं आणि त्यांचे वडील जॉन रॉस की त्या युद्धात अधिकारी होते. घरची मोठी शेतीवाडी होती. तिचं नाव 'टेरा रुब्रा', म्हणजे लॅटिन भाषेत लाल माती. हे नाव मुलांना फार आवडतं.

पुढे ॲनापोलिस इथल्या सेंट जॉन्स कॉलेजातून १७९६ मध्ये त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. त्या काळी वकील व्हायला आजच्यासारखं लॉ कॉलेज लागत नसे. एखाद्या मोठ्या वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली राहायचं, कायद्याची पुस्तकं वाचायची, कागदपत्रं तयार करायला शिकायचं आणि मग सनद मिळवायची. फ्रान्सिस तसेच न्यायाधीश जेरेमाया टाउनली चेस यांच्याकडे शिकले. सोबत शिकणारा त्यांचा मित्र रॉजर टॅनी पुढे त्यांच्या बहिणीचा नवरा झाला. हे टॅनी नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१८०२ मध्ये मेरी लॉईड यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना अकरा मुलं झाली. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या जॉर्जटाउनमध्ये त्यांनी वकिली सुरू केली. बोलण्यात तरबेज, धार्मिक वृत्तीचे आणि कविता करणारे वकील अशी त्यांची ओळख झाली. तिशीच्या आतच ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले.

मिलिशिया म्हणजे काय?

इथे मुलं हमखास अडतात, म्हणून आधी सोपं करून सांगावं. त्या काळी अमेरिकेचं कायमचं सैन्य अगदी लहान होतं. प्रत्येक राज्यात शेतकरी, दुकानदार, सुतार, वकील असे नागरिक अधूनमधून कवायत करायचे आणि गरज पडली की बंदूक घेऊन हजर व्हायचे. या नागरी सैन्याला मिलिशिया म्हणत. आपल्याकडचा होमगार्ड डोळ्यांसमोर आणला तर थोडाफार अंदाज येतो. फरक इतकाच की मिलिशियाला थेट लढाईत उतरावं लागे.

जून १८१२ मध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी लढत होतं आणि अमेरिकी जहाजं अडवून त्यांवरच्या खलाशांना जबरदस्तीने आपल्या आरमारात घेत होतं. युद्धाचं हे एक मोठं कारण. गंमत अशी की फ्रान्सिस यांचा या युद्धाला विरोध होता. तरीही शत्रू दाराशी आला तेव्हा ते जॉर्जटाउनच्या तोफखान्याच्या मिलिशियात दाखल झाले. तिथे ते लेफ्टनंट आणि क्वार्टरमास्टर, म्हणजे दाणागोटा आणि सामानसुमान पाहणारे अधिकारी होते.

२४ ऑगस्ट १८१४ रोजी वॉशिंग्टनजवळ ब्लेडन्सबर्ग इथे लढाई झाली. फ्रान्सिस तिथे जनरल वॉल्टर स्मिथ यांचे मदतनीस म्हणून हजर होते. अमेरिकी बाजू संख्येने जास्त होती, पण बहुतेक मिलिशियाचे लोक होते आणि समोर नेपोलियनशी लढून आलेले कसलेले ब्रिटिश सैनिक. अमेरिकी फळी फुटली. लोक इतक्या वेगाने पळाले की नंतर थट्टेने या लढाईला 'ब्लेडन्सबर्गची शर्यत' म्हणू लागले. त्याच रात्री ब्रिटिशांनी राजधानीत शिरून संसद भवन आणि राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान जाळलं.

म्हणजे मिलिशियातले अधिकारी म्हणून फ्रान्सिस यांच्या नावावर पराक्रम असा काही नाही. हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. ज्या माणसाचं नाव इतकं मोठं झालं, तो तीन आठवडे आधी एका पराभूत, पळालेल्या सैन्यात होता.

डॉक्टरांची सुटका

परत जाताना ब्रिटिशांनी अपर मार्लबरो गावचे वृद्ध डॉक्टर विल्यम बीन्स यांना पकडून नेलं. मागे राहिलेल्या, लूटमार करणाऱ्या काही ब्रिटिश सैनिकांना डॉक्टरांनी कोंडून ठेवलं होतं, हा त्यांचा गुन्हा. डॉक्टरांच्या ओळखीच्या लोकांनी फ्रान्सिस यांना गळ घातली. फ्रान्सिस यांनी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांची परवानगी मिळवली आणि कैद्यांच्या अदलाबदलीचं काम पाहणारे सरकारी अधिकारी जॉन स्किनर यांना घेऊन, तहाचा पांढरा झेंडा लावलेल्या जहाजातून ते ब्रिटिश आरमाराकडे गेले. ७ सप्टेंबरला त्यांची भेट झाली.

इथे त्यांची वकिली कामाला आली. सोबत त्यांनी काही पत्रं आणली होती. ब्लेडन्सबर्गला जखमी होऊन मागे राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनीच ती लिहिली होती. अमेरिकी डॉक्टरांनी आमची चांगली शुश्रूषा केली, असं त्यांत होतं. ती वाचून जनरल रॉस विरघळले आणि बीन्स यांना सोडायला तयार झाले. पण एक अट आली. बाल्टिमोरवर हल्ल्याची तयारी या तिघांनी पाहिली होती, म्हणून हल्ला संपेपर्यंत त्यांना जाता येणार नव्हतं.

ती रात्र

१३ सप्टेंबर १८१४ च्या सकाळी ब्रिटिश जहाजांनी बाल्टिमोर बंदराचं रक्षण करणाऱ्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर मारा सुरू केला. तो सुमारे २५ तास चालला. किल्ल्याचे प्रमुख मेजर जॉर्ज आर्मिस्टेड यांच्या अंदाजाने १५०० ते १८०० बॉम्बगोळे टाकले गेले. फ्रान्सिस आपल्या जहाजावर, ब्रिटिश पहाऱ्यात, काही मैलांवरून हे पाहत होते. किल्ल्यात त्यांचा साडू जोसेफ निकल्सन मिलिशियाची तुकडी घेऊन बसला होता.

मुलांना विचारा, रात्री लांबून किल्ला पडला की टिकला हे कसं कळणार? मुलं बरोबर सांगतात, आवाज चालू आहे तोवर किल्ला टिकलाय. पहाटे आवाज थांबला. आता काहीच कळेना. उजाडल्यावर किल्ल्यावर झेंडा कोणाचा आहे यावरच सगळं ठरणार होतं. झेंडा अमेरिकेचा होता. किल्ल्यातले चार जण मरण पावले होते, पण किल्ला पडला नव्हता.

फ्रान्सिस यांनी खिशातल्या एका पत्राच्या पाठीवर ओळी खरडायला सुरुवात केली आणि बाल्टिमोरला उतरल्यावर हॉटेलात कविता पूर्ण केली. ती चार कडव्यांची कविता 'फोर्ट मॅकहेन्रीचा बचाव' या अर्थाच्या नावाने लगेच छापली गेली आणि एका जुन्या, लोकप्रिय इंग्रजी गाण्याच्या चालीवर गायली जाऊ लागली. याच चालीवर फ्रान्सिस यांनी १८०५ मध्येही एक गीत लिहिलं होतं, म्हणजे चाल त्यांच्या डोक्यात होतीच. पुढे हे गीत 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर', म्हणजे ताऱ्यांनी नटलेला झेंडा, या नावाने प्रसिद्ध झालं. अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत व्हायला मात्र ३ मार्च १९३१ उजाडावं लागलं.

झेंडा कोणी शिवला?

हा भाग वर्गात जरूर घ्या. किल्ल्यावरचा तो मोठा झेंडा ३० फूट रुंद आणि ४२ फूट लांब होता. १५ तारे, १५ पट्टे. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या विधवा बाईंनी तो १८१३ मध्ये शिवून दिला. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी, भाच्या-पुतण्या आणि ग्रेस विशर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगीही होती. ग्रेस तेव्हा साधारण तेरा वर्षांची, म्हणजे आपल्या सातवीतल्या मुलीएवढी. ती गुलाम नव्हती, पण करारानं बांधलेली होती. ठरलेली वर्षं मालकिणीच्या घरी काम करायचं आणि शिवण शिकायचं.

हा झेंडा आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेला आहे.

मुंबईचं जहाज : माझी चूक

ही गोष्ट तयार करताना मला एक फॉरवर्ड आठवला. अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं गेलं, असा तो मेसेज होता. मीसुद्धा तो शिक्षकांच्या ग्रुपवर अभिमानाने टाकला होता. यात खरं इतकंच, की 'मिंडेन' हे ब्रिटिश युद्धजहाज मुंबईच्या गोदीत वाडिया यांनी सागवानी लाकडात बांधलं आणि १८१० मध्ये पाण्यात सोडलं. पण त्या रात्री फ्रान्सिस 'मिंडेन'वर नव्हते, अमेरिकेच्या स्वतःच्या तहाच्या जहाजावर होते. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. तिला एकही लाईक आला नाही, आधीच्या मेसेजला मात्र चाळीस आले होते! वाडियांचं काम मोठं आहेच, त्याला खोट्या टेकूची गरज नाही.

तिने विचारलेला प्रश्न

पहिल्या दिवशी मी गोष्ट झेंड्यापाशी संपवली. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. ती म्हणाली, "बाई, हे तर वकिली करायचे, कविता करायचे. मग त्यांच्या एवढ्या शेतात राबायचं कोण?"

मला उत्तर माहीत होतं, निदान अंदाज होता. पण गोष्ट छान रंगली होती, ती बिघडेल असं वाटलं. "ते आपण पुढे बघू," म्हणून मी तास संपवला. ती मुलगी खाली बसली. घरी जाईपर्यंत मला चैन पडलं नाही. बारा-तेरा वर्षं शिकवते आहे, आणि वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न मीच खाली बसवला.

उत्तर असं आहे. टेरा रुब्रावर गुलाम राबत. फ्रान्सिस लहानपणापासून गुलामांच्या श्रमावर वाढले आणि मोठेपणी स्वतःही गुलामांचे मालक होते. काहींना त्यांनी मुक्त केलं, पण मरेपर्यंत ते मालकच राहिले.

वकील म्हणून मात्र चित्र गुंतागुंतीचं आहे. स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामांच्या बाजूने ते कोर्टात उभे राहत. १८१३ मध्ये मिमा क्वीन या स्त्रीचा खटला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढवला. आपली पूर्वज स्त्री स्वतंत्र होती, असा तिचा दावा होता, पण ऐकीव साक्ष चालत नाही म्हणून ती हरली. १८२५ मध्ये 'अँटिलोप' नावाच्या, गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजाच्या खटल्यात पकडलेल्या आफ्रिकी लोकांना सोडावं म्हणून त्यांनी जोरदार युक्तिवाद केला. काही सुटून लायबेरियात गेले, काहींना मात्र पुन्हा गुलामगिरीतच ढकललं गेलं. आणि हेच वकील मालकांच्या बाजूने, गुलाम परत मिळवून देण्यासाठीही उभे राहिले.

१८१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावं, हा या संस्थेचा विचार. त्या लोकांना मात्र तो नको होता. जानेवारी १८१७ मध्येच फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये मोठी सभा भरवून त्यांनी विरोध केला. इथेच जन्मलो, इथेच राबलो, मग जायचं कुठे, असा त्यांचा सवाल होता.

एका शिक्षिकेच्या भावावर खटला

१८३३ ते १८४१ या काळात फ्रान्सिस राजधानीचे सरकारी वकील होते. १८३५ मध्ये रूबेन क्रँडॉल या डॉक्टरला गुलामगिरीविरोधी पत्रकं जवळ बाळगल्याबद्दल वॉशिंग्टनमध्ये अटक झाली. खटला चालवला फ्रान्सिस यांनी. सुमारे आठ महिने तुरुंगात काढल्यावर १८३६ मध्ये ज्यूरीने क्रँडॉल यांना निर्दोष सोडलं, पण तुरुंगात त्यांना क्षय जडला आणि १८३८ मध्ये ते वारले.

या रूबेनची बहीण प्रूडन्स क्रँडॉल शिक्षिका होती. कनेक्टिकट राज्यात तिची मुलींची शाळा होती. तिने एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तर गोऱ्या पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. मग तिने १८३३ मध्ये फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठीच शाळा उघडली. राज्याने तिच्याविरुद्ध कायदा केला, तिला एक रात्र तुरुंगात काढावी लागली आणि शेवटी १८३४ मध्ये जमावाने शाळेवर हल्ला केल्यावर शाळा बंद झाली. हे वाचताना तुम्हाला सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

आपला याच्याशी खरा धागाही आहे. जोतिबा फुले यांनी १८७३ मधलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं आहे. त्याच चळवळीची पत्रकं बाळगली म्हणून एका माणसावर फ्रान्सिस यांनी खटला भरला होता.

११ जानेवारी १८४३ रोजी बाल्टिमोरमध्ये फ्रान्सिस यांचं निधन झालं. त्यांचे मेहुणे रॉजर टॅनी सरन्यायाधीश झाले. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल त्यांनी १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात दिला. तो निकाल त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

वर्गात कसं घ्यावं?

मी आठवडाभराने सातवीत परत हा विषय काढला. त्या मुलीला उभं करून म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, मी तेव्हा टाळला." मग वरचं सगळं सांगितलं. पुढे केलेले उपक्रम असे :

१. मैदानावर झेंडा : दोरी आणि चुन्याने ४२ × ३० फुटांचा आयत आखा. मोजमाप, क्षेत्रफळ आणि इतिहास एकाच तासात होतो. कडेला ग्रेस विशरचं नाव लिहा.

२. दोन रकाने : एका बाजूला फ्रान्सिस यांनी कोणासाठी काय केलं, दुसऱ्या बाजूला कोणाविरुद्ध काय केलं. बेरीज-वजाबाकी करू नका, रकाने तसेच राहू द्या.

३. खरं-खोटं शोध : 'मिंडेन'चा मेसेज फळ्यावर लिहा. त्यातलं किती खरं, हे मुलांनी वेगळं करायचं.

४. राहिलेला प्रश्न : प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा, ज्याचं उत्तर धड्यात नाही.

लहान वर्गांना, तिसरी-चौथीला, फक्त ती रात्र आणि झेंडा पुरेसा आहे. पण तिथेही "ते फार महान होते" असं म्हणून दार बंद करू नये.

दोन रकाने भरल्यावर एका मुलाने विचारलं, "मग बाई, हे चांगले की वाईट?" मी म्हटलं, "मला एका शब्दात सांगता येत नाही." वर्ग थोडा वेळ शांत होता. मग तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "गाणं चांगलंय बाई. पण ते सगळ्यांसाठी नव्हतं."

पालकहो, मुलं घरी अशी गोष्ट सांगतील तेव्हा "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. त्या गीताचं पहिलं कडवंसुद्धा प्रश्नानेच संपतं, झेंडा अजून फडकतोय का? रात्रभर जागून एका वकिलाने तो प्रश्न विचारला. त्याच्या शेतावर कोण राबतं हे आमच्या सातवीतल्या मुलीने विचारलं. दोन्ही प्रश्न मुलांच्या वहीत असावेत, असं मला वाटतं.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी लिहिलेले प्रश्न जरूर कळवा.